बेलोरा विमानतळ: पुढच्या वीस वर्षांसाठी आज काय राखून ठेवायचं?

नकाशावाचक

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० × ४५ मी. आहे आणि सेवा एटीआर ७२ ची (सुमारे ७० आसनांचं पंख्याचं विमान), मुंबईला. त्याच आवारात एअर इंडियाने ३४ विमानांची वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. नांदगाव पेठला पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यान येतंय. म्हणजे मागणी वाढण्याची कारणं आहेत.

वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र 'टर्मिनल केवढं' आणि 'एअरबस कधी' या दोनच मुद्द्यांवर चालते. दीर्घकालीन आराखड्यात त्याआधी एक वेगळा प्रश्न येतो. कोणत्या गोष्टी नंतर बांधता येतात, आणि कोणत्या आज राखल्या नाहीत तर नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाहीत? टर्मिनल पाडून दुसरं बांधता येतं. धावपट्टीच्या टोकापलीकडची जमीन आणि तिच्यावरचं मोकळं आकाश एकदा गेलं की गेलं. माझं मत असं की पहिल्या पाच वर्षांतला बहुतेक जोर या दोन गोष्टींवर हवा.

इथे धावपट्टी, माती, अग्निशमन, हवाई वाहतूक नियंत्रण यांतली जाणकार मंडळी आहेत. आकड्यांसकट लिहा.

रनवे_गणित

लांबीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं तिच्यावर बसतं.

विमान कंपनी जी लांबी सांगते ती समुद्रसपाटी, १५ अंश तापमान, वारा शून्य आणि सपाट धावपट्टी धरून असते. एटीआर ७२ ला पूर्ण वजनावर सुमारे १३०० मी., ए३२० ला (एअरबसचं १८० आसनांचं जेट) सुमारे २१०० मी. आता ती बेलोऱ्याला लावू. आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) प्राथमिक रीत अशी: दर ३०० मी. उंचीला ७% वाढवा, मग त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के वाढवा, आणि शेवटी धावपट्टीच्या दर १% उताराला १०%.

बेलोऱ्याची उंची सुमारे ३४० मी. म्हणजे जवळपास ८%. त्या उंचीचं प्रमाण तापमान १२.८ अंश. संदर्भ तापमान म्हणून सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी घेतात. मे महिन्यासाठी ४२ धरा. फरक २९ अंश, म्हणजे २९%.

एटीआर: १३०० × १.०८ × १.२९ = साधारण १८१० मी. आजची १८५० मी. धावपट्टी या आकड्याला बरोबर पुरते.
ए३२०: २१०० × १.०८ × १.२९ = साधारण २९२५ मी.

दोन सूचना. एक, उंची आणि तापमान यांची एकत्रित वाढ ३५% च्या वर गेली की ही रीत पुरेशी धरत नाहीत. इथे ती ३९% आहे, म्हणून प्रत्येक विमानप्रकाराचा स्वतंत्र कामगिरी अभ्यास लागेल. दोन, हा आकडा पूर्ण वजनाचा आहे. बेलोऱ्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ५५० किमी, दिल्ली आणि बंगळुरू दोन्ही साधारण ८५० किमी. एवढ्या अंतराला ए३२० ची टाकी भरून न्यायची गरज नसते. पूर्ण वजनापेक्षा १० ते १२ टन कमी वजनावर उड्डाण होतं आणि लागणारी लांबी चांगलीच घटते.

म्हणून माझं मत: बांधणी २५०० मी.पर्यंत, राखण ३००० मी.ची.

सातबारा

३००० मी. राखायची म्हणजे नेमकी किती जमीन, हेही सांगा. 'एवढी कशाला' हा पहिला प्रश्न गावातून येतो आणि त्याला उत्तर देणारा माणूस बैठकीला नसतो.

रनवे_गणित

@सातबारा, हिशेब असा.

उपकरणांच्या साह्याने उतरण्याच्या धावपट्टीभोवती स्ट्रिप, म्हणजे मोकळा पट्टा, लागते: मध्यरेषेपासून दोन्हीकडे १४० मी. आणि दोन्ही टोकांपलीकडे ६० मी. ३००० मी. साठी ३१२० × २८० मी., म्हणजे ८७.४ हेक्टर. त्यापुढे दोन्ही टोकांना सुरक्षा क्षेत्र, ज्याला सगळे 'रेसा' म्हणतात. सक्तीचं किमान ९० मी. आहे, शिफारस २४० मी.ची. रुंदी धावपट्टीच्या दुप्पट, म्हणजे ९० मी. प्रत्येकी २.१६ हेक्टर. त्यापुढे पहिल्या श्रेणीच्या अवतरण दिव्यांची ओळ उंबरठ्यापासून (धावपट्टीचं विमान जिथून उतरायला घेतं ते टोक) ९०० मी. जाते. त्यातले ३०० मी. स्ट्रिप आणि रेसामध्येच येतात, उरलेल्या ६०० मी. साठी ६० मी. रुंद पट्टी पुरते: प्रत्येक टोकाला ३.६ हेक्टर.

एका दिव्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत लांबी ४८०० मी. होते. टर्मिनल, एप्रन (विमानं उभी करायची पक्की जागा), प्रशिक्षण संस्था, इंधन, अग्निशमन हे सगळं वेगळं.

सातबारा

आभार. या आकड्यांवरून भूसंपादनाचं धोरण ठरवता येतं. सगळी जमीन आज विकत घ्यायची गरज नाही, पण सगळी आज *नोंदवायला* हवी.

व्यवहारात काय होतं ते सांगतो. विस्ताराची बातमी आली की धावपट्टीच्या रेषेत गुंठ्यांचे तुकडे पडायला लागतात, कुणी एनए करून प्लॉट पाडतं, कुणी शेड टाकतं. मग संपादनाच्या वेळी शेतजमिनीऐवजी बिनशेती भूखंडांचा मोबदला आणि दीडशे मालक समोर उभे. याला उपाय एकच: अंतिम धावपट्टीचे चार कोपरे कोऑर्डिनेटसह ठरवायचे, मोजणी खात्याकडून गटनिहाय संयुक्त मोजणी करून घ्यायची, आणि तो पट्टा प्रादेशिक योजनेत विमानतळासाठी आरक्षित दाखवायचा. नकाशावर नुसतं 'भावी विस्तार' लिहून भागत नाही, गट क्रमांक आणि त्यातलं क्षेत्र लिहावं लागतं.

रस्ते आणि नाले विसरू नका. गाडरस्ता, पांदण, कालव्याची चारी, वीजवाहिनी यांची पर्यायी व्यवस्था संपादनाच्या पहिल्याच प्रस्तावात असेल तर विरोध अर्धा कमी होतो. विरोध बहुतेकदा जमिनीच्या दरावरून सुरू होतो आणि तुटलेल्या रस्त्यावर येऊन अडकतो. शेतकऱ्याला पलीकडच्या वावरात जायला चार किलोमीटरचा फेरा पडणार असेल तर त्याचं म्हणणं रास्तच आहे.

शिवाय आरक्षण दहा-पंधरा वर्षं नुसतं लटकवून ठेवणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. दोन टोकांपैकी ज्या टोकाला आधी वाढवायचं ते ठरवून तिथली जमीन पहिल्या पाच वर्षांत पैसे देऊन घ्यावी. उरलेल्या टोकाला बांधकामावर मर्यादा, शेती चालू.

मनोरा

आता आकाश. जमिनीच्या बाबतीत निदान मालक कोण ते कळतं. आकाशातला अडथळा उभा राहीपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

सोलापूर सगळ्यांना माहीत आहे. होटगी रोडच्या विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची सुमारे ९० मी. उंचीची चिमणी हा वर्षानुवर्षं वादाचा विषय होता. १५ जून २०२३ ला ती पाडली गेली आणि ९ जून २०२५ ला नियमित विमानसेवा सुरू झाली. ज्या गावात असा अडथळा अजून उभा राहिलेला नाही, तिथे तो उभा न राहू देणं जवळजवळ फुकट पडतं.

गणित सोपं आहे. धावपट्टीच्या उंबरठ्यापासून ६० मी. वर अवतरण पृष्ठ (ज्याच्या वर काहीही डोकावू नये असा काल्पनिक चढता उतार) सुरू होतं आणि पहिले ३००० मी. ते १:५० ने चढतं. तिथून १ किमीवर २० मी., ३ किमीवर ६० मी. आता धावपट्टी १८५० वरून २५०० केली आणि सगळी वाढ एकाच टोकाला घेतली, तर उंबरठा ६५० मी. पुढे सरकतो. त्या बाजूच्या प्रत्येक जागेवरची परवानगी १३ मी. ने खाली येते. म्हणजे चार मजले. आज कायदेशीर परवानगी घेऊन बांधलेली इमारत उद्या अडथळा ठरते, आणि दोष मालकाचा नसतो.

म्हणून उंचीचा रंगीत विभाग नकाशा *अंतिम* धावपट्टी धरून करून घ्या, आजची धरून नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे ना-हरकतीचे अर्ज त्याच आधारावर तपासले जातील असं मालक संस्थेने लेखी कळवायचं. नगररचना कार्यालय, महापालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना मराठीत तयार केलेला नकाशा द्यायचा, ज्यात गटवार कमाल उंची मीटरमध्ये असेल. ती समुद्रसपाटीपासून आणि जमिनीपासून, दोन्ही द्यावी. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे मोबाइल टॉवर चुकीच्या उंचीचे उभे राहतात.

आणखी एक: विमानतळापासून १० किमीच्या आत उघड्यावर कचरा किंवा कत्तलीचे अवशेष टाकायला नियमांनी बंदी आहे. घारी आणि बगळे तिथेच जमतात. नवी कचरा डेपोची जागा ठरवताना हे वर्तुळ नकाशावर काढून बघा.

पायवाट

थोडं विरोधात लिहितो. नागपूर दीडशे किमीवर. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किमी खुला झाला आणि तो अमरावती जिल्ह्यातून जातो. धामणगाव, नांदगाव खंडेश्वरच्या माणसाला नागपूर विमानतळ दीड-दोन तासांवर आहे, आणि तिथे दिवसभर पर्याय आहेत. मग ३००० मी. कुणासाठी?

सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ बघा. २५०० मी. धावपट्टी, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन. ५ जानेवारी २०२३ ला शेजारी गोव्याचं मोपा विमानतळ सुरू झालं. चिपीची मुंबई सेवा उडानचा (केंद्राची प्रादेशिक विमानसेवा योजना) तीन वर्षांचा काळ सरल्यावर थांबली. धावपट्टी लांब असूनही विमानं आली नाहीत. उडानमध्ये तोटा भरपाई तीनच वर्षं मिळते, त्यातला २०% वाटा राज्याचा असतो, आणि सुरक्षा व अग्निशमन राज्याने विनामूल्य पुरवायचं असतं. प्रवासी आले नाहीत तरी हा खर्च चालूच राहतो.

नकाशावाचक

@पायवाट, तुमचा मुद्दा मागणीच्या अंदाजातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक अहवाल तिथेच घसरतात. ते जिल्ह्याची लोकसंख्या घेतात, उत्पन्नवाढीचा दर लावतात आणि वीस वर्षांची रेषा ओढतात. गळतीचा, म्हणजे शेजारच्या विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवाशांचा, हिशेब करत नाहीत.

बरोबर रीत अशी. आधी अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातले किती लोक *आज* नागपूरहून उडतात ते शोधायचं: नागपूर टर्मिनलवर पिनकोड विचारणारं सर्वेक्षण, मोसमानुसार चार वेळा, लग्नसराई आणि दिवाळी वेगळी. मग प्रत्येक तालुक्यासाठी दारापासून विमानापर्यंतचा वेळ, टॅक्सीचं भाडं आणि तिकिटातला फरक मांडायचा. वर्धेचा माणूस नागपूरलाच जाणार. अचलपूर, मोर्शी, दर्यापूर, अकोटचा बेलोऱ्याला येऊ शकतो, पण वेळ सोयीची असेल तरच. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल तर व्यावसायिक प्रवासी नागपूरच धरतो. मोठ्या विमानाआधी *दुसरी फेरी* हवी ती याचसाठी.

पण यातून 'जमीन राखू नका' असं निघत नाही. राखायला खर्च थोडा, बांधायला प्रचंड. चिपीचा धडा बांधणीच्या घाईचा आहे.

टर्मिनल_रांगा

टर्मिनलबद्दल. वार्षिक प्रवाशांवरून गर्दीच्या तासाचे प्रवासी काढायचं एक तयार कोष्टक सगळे वापरतात: वर्षाला एक लाखाखाली ०.२०%, एक ते पाच लाख ०.१३%, पाच ते दहा लाख ०.०८%, दहा लाखांवर ०.०५%. लहान विमानतळाला ते फसवतं.

रोज एक एटीआर, ७० आसनं, ७०% भरलेली: वर्षाला ३५,७७० प्रवासी. कोष्टक सांगतं ७२. पण विमान उतरतं आणि अर्ध्या तासात परत निघतं, म्हणजे भरलेल्या दिवशी एका तासात ७० येणारे आणि ७० जाणारे, एकूण १४०. कोष्टकाच्या दुप्पट. म्हणून दहा लाख प्रवाशांपर्यंत टर्मिनल वेळापत्रकावरूनच आखावं. 'एकाच तासात कोणती विमानं जमिनीवर असतील' एवढाच प्रश्न.

दोन एटीआर एकत्र, ८५% भरलेली: २३८ प्रवासी. दोन ए३२० एकत्र, १८० आसनं, ८५%: ६१२. देशांतर्गत टर्मिनलला गर्दीच्या तासातल्या दर प्रवाशामागे १८ चौ.मी. धरा. पहिल्याला सुमारे ४३०० चौ.मी., दुसऱ्याला ११,००० चौ.मी. पण दोन ए३२० च्या वेळांत दीड तासाचं अंतर ठेवलं तर ३०६ प्रवासी आणि ५५०० चौ.मी. पुरतात. विमान कंपनीशी वेळेची वाटाघाट करणं हे टर्मिनलच्या नियोजनाचाच भाग आहे, आणि सर्वांत स्वस्त भाग आहे.

इमारत खांबांच्या एकसारख्या चौकटीत, शहराकडची आणि एप्रनकडची भिंत स्थिर ठेवून, फक्त *बाजूला* वाढेल अशी आखा. वाढीच्या बाजूला काय नको ते सांगतो: शौचालयांचा गठ्ठा, वीज उपकेंद्र, वातानुकूलन यंत्रं, पाण्याची टाकी, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचं दालन. नेमकं हेच टोकाला ढकललं जातं आणि पुढच्या टप्प्यात आधी ते पाडावं लागतं. सामानाच्या तपासणीची जागा आजच दोन यंत्रांची ठेवा, यंत्र एकच बसवा. मलनिस्सारण आणि केबलचे रिकामे पाइप अंतिम क्षमतेचे टाका.

रनवे_गणित

एप्रनची एक गोष्ट जोडतो, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही.

स्ट्रिपच्या कडेपासून बाजूचं पृष्ठ (अवतरण पृष्ठासारखाच काल्पनिक उतार) १:७ ने चढतं, आणि उभ्या विमानाची शेपटी त्याच्याखाली राहावी लागते. एटीआर ७२ ची शेपटी ७.६५ मी.: १४० + ५४ = मध्यरेषेपासून १९४ मी. ए३२० ची ११.८ मी.: १४० + ८३ = २२३ मी. आज फक्त एटीआर येतं म्हणून एप्रन १९४ मी.च्या हिशेबाने ओतलं आणि त्यामागे टर्मिनल बांधलं, तर ए३२० ला २९ मी. कमी पडतात. एप्रन मागे सरकवायला जागा नाही, मागे टर्मिनल उभं. पहिल्या दिवसापासून २२३ धरा.

रुंदीत मात्र सोय आहे. दोन्ही विमानं पंखांच्या रुंदीनुसार 'सी' वर्गातच येतात, पंखांमधलं अंतर ४.५ मी. एटीआरला एका जागेला ३१.५५ मी., ए३२० ला ४०.३ मी. चार एटीआर १२६ मी. घेतात, तीन ए३२० १२१ मी. एकाच एप्रनवर दोन रंगांच्या रेषा मारल्या की दोन्ही बसतात. काँक्रीटची जाडी अर्थात ए३२० ची: एटीआर २३ टनांचं, ए३२० ७८ टनांचं.

काळीमाती

जाडीचा विषय निघाला म्हणून मातीवर सविस्तर. वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर धावपट्टी टिकवणं हे लांबी वाढवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि आराखड्यांत त्याला अर्धं पान मिळतं.

भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचं मोजमाप) २ ते ३% पर्यंत उतरतो, म्हणजे पायाच्या वर्गवारीत सर्वांत दुबळा गट. पण ताकद कमी असणं हा लहान त्रास. मोठा त्रास फुगण्या-आकसण्याचा. डांबराखाली मधोमध ओलावा जवळपास स्थिर राहतो. कडेला तो पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात पार सुकतो. कडा वरखाली होतात, मध्य जागेवर. परिणाम: कडेपासून दोन-तीन मीटर आत, धावपट्टीला समांतर लांबच लांब भेगा. त्यात पाणी शिरलं की पुढचा पावसाळा खड्डे पाडतो. वरून डांबराचा नवा थर टाकल्याने ही भेग एका-दोन हंगामांत परत वर येते, कारण रोग खाली आहे.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: काळी माती काढून अर्धा ते एक मीटर न फुगणारा मुरूम भरा, किंवा वरच्या थरात ३ ते ५% चुना मिसळून स्थिर करा. चूक इथे होते. चर खणून मुरूम भरला, पण चराच्या तळातून पाणी बाहेर काढलं नाही. आजूबाजूची काळी माती पाणी धरते, मुरूम ते पितो, आणि धावपट्टीखाली चक्क हौद तयार होतो. म्हणून मुरमाच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार, ठरावीक अंतरावर आडवे निचरा पाइप आणि त्यांचं तोंड कडेच्या नाल्याच्या तळापेक्षा *वर* हवं. नाल्याचा तळ उंच राहिला तर पाणी उलटं आत येतं. भरावाचा थर डांबराच्या कडेपाशी संपवू नका, निदान दोन मीटर बाहेर न्या, आणि तिथे पाणी न झिरपणारा खांदा करा.

विस्तारात जुन्या आणि नव्याचा सांधा ही वेगळी डोकेदुखी. जुना भाग वर्षानुवर्षं बसलेला, नवा भराव अजून खचणारा. जुन्या कडेला पायऱ्या कापून नवा थर त्यात गुंतवा, भराव एक पावसाळा तसाच सोडा, मोजपट्ट्या लावून खचणं थांबल्याची खात्री करा, मग डांबर. 'उद्घाटनाची तारीख' हा शब्द आला की हा एक पावसाळा पहिला कापला जातो.

स्ट्रिपलाही विसरू नका. मध्यरेषेपासून ७५ मी. पर्यंत ती सपाट आणि भार पेलणारी हवी. उघडा नाला तिथे चालत नाही. पावसाळ्यात विमान घसरून कडेला गेलं तर भुसभुशीत काळ्या मातीत पुढचं चाक रुततं आणि मोडतं.

अग्निपथक

थोडक्यात. एटीआर ७२ ची लांबी २७.१७ मी., म्हणून अग्निशमनाची पाचवी श्रेणी: ५४०० लिटर पाणी, मिनिटाला ३००० लिटर फेक, एक गाडी. ए३२० ची ३७.५७ मी., सहावी श्रेणी: ७९०० लिटर, ४००० लिटर फेक, दोन गाड्या. ए३२१ (त्याचंच लांब रूप) आणलं की सातवी: १२,१०० लिटर आणि ५३०० फेक. हे आकडे 'बी' दर्जाच्या फोमचे. फोमचा राखीव साठा दुप्पट.

गाड्या विकत घेता येतात. केंद्राची जागा हलवता येत नाही. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पहिली फेक सुरू व्हायला हवी. केंद्र आजच्या १८५० मी.च्या मध्यावर बांधलं आणि वाढ एकाच बाजूला झाली की लांबचं टोक हाताबाहेर जातं. अंतिम धावपट्टीचा मध्य धरा. दोन मोटारखान्यांचं केंद्र बांधत असाल तर तिसऱ्याची मोकळी जागा शेजारी ठेवा, आणि धावपट्टीकडे जाणारा रस्ता थेट, वळणाशिवाय.

माणसं हा खरा अडसर आहे. दोन गाड्या म्हणजे दोन पाळ्यांची दुप्पट प्रशिक्षित माणसं, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. विमान कंपनीशी बोलणी सुरू होतील त्या दिवशीच भरती सुरू करायला हवी.

मनोरा

प्रशिक्षण संस्थेबद्दल कुणी लिहिलं नाही. बेलोऱ्याची क्षमता टर्मिनलने अडणार नाही, धावपट्टीवरच्या वेळेने अडणार.

समांतर टॅक्सीवे (धावपट्टीशेजारून विमानांनी जायचा रस्ता) नसेल तर उतरलेलं विमान टोकाला वळून त्याच धावपट्टीवरून परत येतं. १८५० मी. ताशी ३० किमी वेगाने म्हणजे पावणेचार मिनिटं, वर वळायचा वेळ. तेवढा वेळ चक्कर मारणारी सगळी शिकाऊ विमानं वर ताटकळतात. २५०० मी. केली तर हा वेळ *वाढतो*. धावपट्टी लांब केल्याने क्षमता घटते, हे बैठकीत पटवून देणं कठीण जातं, पण ते खरं आहे.

समांतर टॅक्सीवेची रेषा मध्यरेषेपासून १५८ मी. वर राखा. आज पूर्ण बांधू नका. पहिल्या टप्प्यात एप्रनपासून ज्या टोकाकडून जास्त उड्डाणं होतात तिकडे अर्धा. प्रशिक्षणाचं एप्रन, हँगर आणि इंधन वेगळ्या बाजूला, प्रवासी एप्रन ओलांडावं लागणार नाही असं. संस्थेची जाहीर झालेली विमानं जेट ए-१ वर, म्हणजे मोठ्या विमानांच्याच इंधनावर, चालणारी आहेत, त्यामुळे इंधनसाठा एकत्र करता येईल. टाक्यांची जागा ए३२० च्या खपाची ठेवा.

सातबारा

@मनोरा, रात्री आणि धुक्यात उतरण्याचं काय? लोक आयएलएस (रेडिओ संकेतांनी विमान धावपट्टीवर आणणारी यंत्रणा) मागतात.

मनोरा

@सातबारा, क्रम महत्त्वाचा. डोळ्यांनी बघून उतरायचं तर ५ किमी दृश्यमानता लागते, त्यामुळे पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळी फेऱ्या रद्द होतात. रद्द फेऱ्यांनी प्रवासी कायमचा नागपूरकडे वळतो. म्हणून उपकरण पद्धत हवीच.

पण जी धावपट्टी पुढच्या दहा वर्षांत लांबणार आहे, तिच्यावर आज आयएलएस बसवलं तर दिशा दाखवणारा अँटेना धावपट्टीच्या टोकापलीकडे, नेमका वाढीच्या जागेत येतो. उतार दाखवणारा मनोराही उंबरठ्याबरोबर हलवावा लागतो. त्याऐवजी आधी उपग्रहावर आधारलेली पद्धत घ्या. गगन (भारताची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा) वापरून एलपीव्ही नावाच्या उपग्रह पद्धतीने भारतातलं पहिलं अवतरण एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एका एटीआरनेच केलं. जमिनीवर अँटेना लागत नाही, उंबरठा सरकला की पद्धत नव्याने आखून, सर्वेक्षण आणि उड्डाण तपासणी करून घ्यायची. अट एक: विमानात ते संकेत पकडणारा रिसीव्हर हवा, आणि तो सगळ्या विमानांत नसतो. कंपनीला आधी विचारा.

दिव्यांचं: कडेचे दिवे जास्तीत जास्त ६० मी. वर, दोन्ही टोकांना पापी (उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे), सुरुवातीला साधी अवतरण ओळ ४२० मी. केबल रिकाम्या पाइपांतून टाका, मातीत थेट पुरू नका. आणि मुख्य वीज गेल्यावर १५ सेकंदांच्या आत जनरेटरवर दिवे यायला हवेत. याची भारासकट चाचणी करायची, रिकामा जनरेटर चालवून नाही.

पायवाट

मालवाहतूक? संत्र्यासाठी शीतगृहासह कार्गो टर्मिनलची मागणी जोरात आहे.

नकाशावाचक

@पायवाट, संत्रं जड आणि किलोमागे स्वस्त. एटीआरच्या पोटात प्रवाशांच्या सामानानंतर उरणारी जागा पाहता ते गणित बसत नाही. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला पॅकहाऊस, वातानुकूलित ट्रक आणि रेल्वे यांचा जास्त उपयोग आहे. विमानतळावर एप्रनला लागून एक हेक्टर मोकळी ठेवा, छोटी शेड बांधा. वस्त्रोद्योगाचे नमुने, औषधं, कुरिअर एवढ्यावर ती चालेल.

काळीमाती

टप्पे वर्षांवर बांधू नका, एवढी विनंती. '२०३२ मध्ये धावपट्टी २५०० मी.' असं लिहिलं की प्रवासी असोत-नसोत निविदा निघते. त्याऐवजी खुणा ठरवा. उदाहरणार्थ: रोज तीन फेऱ्या सलग दोन हिवाळी वेळापत्रकांत टिकल्या आणि सरासरी ७५% च्या वर आसनं भरत राहिली, की विस्ताराचं संकल्पचित्र. विमान कंपनीचं लेखी इरादापत्र आलं की निविदा. टर्मिनलचा गर्दीचा तास क्षमतेच्या ८०% ला गेला की पुढची चौकट.

फक्त माती याला अपवाद. विस्ताराच्या दोन्ही टोकांना दर १५०-२०० मी. वर चाचणी खड्डे आणि भूजल पातळीच्या नळ्या आताच बसवा, कारण निदान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे यांच्या नोंदी लागतात आणि त्या घाईत मिळत नाहीत.

सातबारा

चाचणी खड्ड्यांना जमीनमालकाची लेखी संमती आणि पीक नुकसानीचा मोबदला आधी द्या, खणल्यावर नाही. खरीप निघाल्यावर आणि रब्बी पेरायच्या आधी दोन-तीन आठवडे मिळतात. तीच वेळ मोजणीसाठीही धरा, म्हणजे शेतकऱ्याच्या वावरात दोनदा जावं लागणार नाही.